वहिनींचं नाक

सात घरांचा धंदा वहिनींच्या नाकावर चालतो, असं सगळे म्हणायचे, आणि त्यात थट्टा अर्धीच असायची.

धंदा गवताचा होता. गवत कापायचं, उन्हात वाळवायचं, यंत्राने दाबून त्याचे चौकोनी गठ्ठे बांधायचे आणि कंटेनरमध्ये भरून समुद्रापलीकडे पाठवायचे. ही कल्पना धाकट्या दिराची. तो पूर्वी बंदरावर ट्रक न्यायचा. परदेशातून सामान घेऊन आलेले कंटेनर परत जाताना रिकामेच जातात, हे त्याने तिथं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला, "नाहीतरी रिकामेच जातात, तर आपलं गवत नेलं म्हणून जहाजवाल्याचं काय जातंय?"

सगळे हसले. गवत ही काय बोटीत बसवून पाठवायची वस्तू आहे? पण गडी पिच्छा सोडणारा नव्हता. शोधता शोधता त्याने परदेशातला एक दूधवाला गाठला. तीनशे गाई, मोठा गोठा, आणि मुलूख असा की उन्हाशिवाय तिथं काही उगवत नाही. त्याने हो म्हटलं, आणि आजूबाजूची सहा घरं यांच्यात येऊन मिळाली. दिराचं नाव त्या दिवसापासून कप्तान पडलं. आजवर तो साध्या होडीतसुद्धा बसला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

पहिलाच कंटेनर नासला. वरून सोन्यासारखं दिसणारं गवत आतून ओलसर राहिलं होतं. महिनाभराच्या प्रवासात ते तापलं, त्याला बुरशी धरली, आणि दूधवाल्याने सगळं उकिरड्यावर टाकलं. सातही घरची माणसं शेडमध्ये तोंडं पाडून बसली होती. चहा घेऊन आलेल्या वहिनी सहज बोलून गेल्या, "मला भरतानाच वाटलं होतं. काही गठ्ठ्यांना कुबट वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?" कप्तान जवळजवळ ओरडलाच.

"मला कुणी विचारलं?"

हे मात्र खरं होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात वहिनींना विचारला जाणारा प्रश्न एकच होता, आज जेवायला काय. पण तेव्हापासून नियम झाला की वहिनींनी वास घेतल्याशिवाय एकही गठ्ठा कंटेनरमध्ये चढवायचा नाही. त्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायच्या, आतलं मूठभर गवत ओढून काढायच्या, नाकाशी धरायच्या, आणि दोनपैकी एक बोलायच्या. "जाऊ दे" किंवा "राहू दे". त्यावर अपील नव्हतं. चार वर्षांत एकाही कंटेनरची तक्रार आली नाही. परदेशातला दूधवालासुद्धा मागणी देताना विचारू लागला, बाईंनी वास घेतलाय ना? "अहो, नाक काय, सगळ्यांनाच असतं," असं वहिनी वरवर म्हणायच्या. पण त्या दिवशी त्यांच्या हातचा चहा जरा जास्तच गोड व्हायचा.

यंदा पहिली कापणी उरकली आणि वहिनी तापाने पडल्या. आठ दिवस अंथरुणात काढले. नवव्या दिवशी उठून चहा टाकला, वाफेवर तोंड धरलं, तर चहा आहे की गरम पाणी, काही पत्ता लागेना. सर्दी असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. दुपारी शेडमध्ये गेल्या, पहिल्या गठ्ठ्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली. काहीच नाही. कोरा कागद हुंगावा तसं.

मागे ढकलगाड्या धरून तिघं खोळंबले होते.

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या.

त्या असं का बोलल्या, ते त्यांनी स्वतःला पुढे कितीदा तरी विचारलं. दूधवाल्याने यंदा एकदम सहा कंटेनर मागवले होते. ते पसंत पडले तर पुढे वर्षभर दर महिन्याला, असं त्याने कबूल केलं होतं. सात घरं त्या सहा कंटेनरकडे डोळे लावून बसली असताना, माझं नाक गेलं, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि संध्याकाळपर्यंत येईलच की वास. पण खोलवर, स्वतःशी कबूल न करण्याजोगं आणखी एक कारण होतं. नाक गेलं तर मग परत कोण विचारणार होतं त्यांना?

त्या दिवशी वहिनींनी चारशे बारा गठ्ठे पास केले. एकदाही "राहू दे" म्हटलं नाही. दोन कंटेनर भरले, दारं लागली. कागदपत्रांचं सगळं बघणाऱ्या धाकट्या जावेने दारांना सील लावून नंबर वहीत उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशीही नाक मुकंच. नको ती जोखीम, म्हणून वहिनींनी दुसरं टोक गाठलं. तीन गठ्ठे झाले की एकाला "राहू दे". अंधारात दगड मारण्यातलाच प्रकार. आणि दगड लागायचे ते नेमके सुताराला लागले. त्या दिवशी बहुतेक माल त्याच्याच शेतातला होता.

सुतार म्हणजे सातांतला सगळ्यात काटेकोर माणूस. उमेदीची वर्षं दारं-खिडक्या करण्यात घालवली, मग थोडी जमीन घेतली. पण हात सुताराचेच राहिले. गवत वाळत घालायचा तेसुद्धा रंधा मारल्यासारखं, एकसारखं. इतर लोक दोनदा उलटवायचे, हा तीनदा. त्याचे बावीस गठ्ठे बाजूला पडले.

संध्याकाळी तो घरी आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"वहिनी, भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "शिकायला आलोय. माझं काय चुकलं तेवढं सांगा, म्हणजे पुढच्या कापणीला सुधारतो."

तो तावातावाने आला असता तर वहिनींनी त्याला दुप्पट सुनावलं असतं. पण हा तर शिकायला आला होता. "जरा... कुबट वाटलं," त्या कशाबशा म्हणाल्या.

सुताराने खिशातून त्याच गवताची मूठ काढली, हुंगली, पुन्हा हुंगली. "मला तर नाही कळत हो. पण तुमचं नाक ते तुमचं नाक. उद्या गठ्ठे सोडतो आणि आणखी चार दिवस उन्हात घालतो." एवढं बोलून तो गेलासुद्धा.

चांगलं वाळलेलं गवत आणखी चार दिवस उन्हात टाकलं की पानं झडतात आणि नुसत्या काड्या उरतात. वहिनींइतकं हे कुणाला ठाऊक होतं? एक सरळ माणूस त्यांच्या शब्दाखातर आपला सोन्यासारखा माल मातीत घालायला निघाला होता.

नवरा हात धुऊन आत आला. गठ्ठे बांधायचं यंत्र तो चालवायचा. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस, आणि त्यातली चार यंत्राशी.

"अहो, मला वास येत नाही," वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे."

"माहीत आहे? कसं?"

"काल दूध करपलं. धुराने मला अंगणात ठसका लागला. तू भिंतीपलीकडे बसून कपड्यांच्या घड्या घालत होतीस."

"आणि तुम्ही बोलला नाहीत!"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

"आणि ते चारशे गठ्ठे? सील लागलेले?"

"त्याचाच विचार करतोय कालपासून," नवरा म्हणाला. दहाचा हिशेब त्याने केव्हाच ओलांडला होता.

वहिनींना एकदम रडू आलं, आणि रडता रडताच रागही आला. त्याचा, स्वतःचा, तापाचा. "उद्या सगळ्यांपुढे नाक मुठीत धरून उभं राहायचं आलं माझ्या नशिबी!"

नवऱ्याने टॉवेलला हात पुसले. "मुठीत धर नाहीतर मोकळं सोड," तो म्हणाला, "वास काही येणार नाहीच आहे."

मग दोघंही असे हसायला लागले की शेजारच्या खोलीतून जाऊ काय झालं म्हणून बघायला आली. तिलाही तिथल्या तिथं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "ताई, एवढं एकटीने घेऊन हिंडत होता तुम्ही? मला सांगितलं असतंत तर मी निदान सील लावताना हात तरी आखडला असता!" वहिनी त्या दिवशी पोटभर जेवल्या. चव लागत नव्हती, पण भूक लागली होती. दोन दिवसांत पहिल्यांदा.

सकाळी नऊला ट्रेलर आला. दोन कंटेनर उचलून बंदरावर न्यायचे होते, बोट तीन दिवसांनी सुटणार होती. आवारात सातही घरची माणसं जमली होती. ड्रायव्हर गाडी मागे घेत असताना वहिनी सरळ त्याच्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"थांबा. हे जाणार नाहीत."

आणि मग त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, पहिल्या "जाऊ दे" पासून सुताराच्या बावीस गठ्ठ्यांपर्यंत. बोलताना त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, कंटेनरच्या दाराकडे बघत होत्या.

"बाई, नेऊ की नको?" ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं. त्याला पुढच्या फेरीची घाई होती.

कप्तानाने कपाळावर हात मारला. "वहिनी, सील तोडलं की तपासणी पुन्हा, कागद पुन्हा. ही बोट चुकली की पुढची नऊ दिवसांनी. आणि सगळे गठ्ठे चांगलेही असू शकतात ना?"

"असू शकतात," वहिनी म्हणाल्या. "पण पहिल्या वेळी मी गप्प बसले होते, भावजी. आता नाही बसणार."

तेवढ्यात सुतार पाठ फिरवून चालू लागला, तशी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बिचारा दुखावला, आणि का दुखावणार नाही? पण तो अवजारांच्या खोलीत शिरला आणि सील तोडायची मोठी पकड घेऊन परत आला.

"माझे बावीस चांगले होते ना?" त्याने वहिनींना विचारलं.

"एक नंबर होते."

"मग झालं तर. रात्रभर मला वाटत होतं, माझंच नाक गेलं." त्याने पकड वहिनींच्या हातात दिली.

"थांबा, थांबा, आधी नंबर लिहून घेते!" जाऊ वही घेऊन धावली. त्यावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि मग आवारातली हवाच सैल झाली.

ट्रेलर रिकामा परत गेला. दिवसभर गठ्ठे उतरत होते. पण उतरवून त्यांचं करायचं काय? नाक तर उरलं नव्हतं. मग ज्याला जे ठाऊक तो ते करू लागला. नवऱ्याने लोखंडी सळया आणल्या. एकेक सळई गठ्ठ्यात खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने ओढून गालाला लावायची. गार लागली तर बरं, कोमट लागली तर आत ओल आहे. सुतार गवताची मूठ पिळून कानाशी धरायचा. "लाकडासारखंच आहे," तो म्हणाला. "कोरडं बोलतं, ओलं गप्प राहतं." जावेने गोदामातला वजनकाटा ओढत आणला. सगळे गठ्ठे एकाच मापाचे, मग जो इतरांपेक्षा जड, त्याच्या पोटात पाणी. गवत तर कुणी जास्त भरलेलं नाही!

सातांतल्या सर्वांत वडील आजोबांचा यंत्रांवर विश्वास नव्हता. ते आपली म्हातारी गाय दोरीने धरून घेऊन आले. "हिच्यापेक्षा मोठा परीक्षक कोण?" ते म्हणाले. गाईने पहिल्या गठ्ठ्यातलं खाल्लं, दुसऱ्यातलं खाल्लं, तिसऱ्यातलं खाल्लं, आणि मग तिथंच सावलीत बसून रवंथ करू लागली. ती काही उठेना. "परीक्षकाचं पोट भरलं," कप्तान म्हणाला. आजोबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हसूही लपेना.

वहिनी सगळ्यांच्या मधून फिरत होत्या. सवयीने हात गठ्ठ्यात जात होता, मूठ नाकाशी जात होती आणि तशीच खाली येत होती. दुपारच्या सुमारास एका गठ्ठ्यात हात घातला आणि त्यांनी तो लगेच बाहेर काढला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आतलं गवत बोटांना चिकटल्यासारखं झालं होतं, इतकंच. "अहो, इथं सळई आणा बघू," त्या म्हणाल्या. सळई गालाला लावून नवऱ्याने मान हलवली. कोमट नव्हतीच, चांगली गरम होती.

संध्याकाळी हिशेब लागला. चारशे बारांपैकी अकरा गठ्ठे ओले. अकराही एकाच शेताच्या खोलगट कोपऱ्यातले, जिथे सकाळचं दव उशिरापर्यंत राहायचं. अकरा म्हणजे फार नव्हेत. पण त्यांतले आठ एकाच कंटेनरमध्ये, एकमेकांना लागून रचलेले होते. महिनाभर बंद पेटीत त्यांनी काय केलं असतं, ते पहिल्या वेळी सगळ्यांनी बघितलंच होतं. कप्तान त्या आठ गठ्ठ्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"वहिनी," तो म्हणाला, "सकाळी मी जे बोललो, ते ऐकलं नाहीत असं समजा."

"काय बोलला होतात?" वहिनी म्हणाल्या.

आता दूधवाल्याला फोन करायचा होता. कप्तान म्हणाला, बोटीचं काहीतरी कारण सांगू. वहिनी म्हणाल्या, मीच बोलते. त्यांना ती भाषा येत नव्हती, म्हणून जाऊ शेजारी बसली. वहिनी एक वाक्य बोलायच्या, जाऊ ते तिकडे पोचवायची. पडद्यावर दूधवाल्याचा उन्हाने रापलेला चेहरा दिसत होता आणि मागे एक पंखा फिरत होता. खोलीत दहाबारा माणसं उभी होती.

सगळं ऐकून तो थोडंसंच बोलला.

"काय म्हणतोय, काय म्हणतोय?" कप्तानाला धीर निघेना.

"म्हणतोय, माझ्याकडे अजून पुष्कळ दिवसांचा चारा आहे. नऊ दिवस थांबतो."

"आणि?"

जाऊ हसू दाबत होती. "आणि विचारतोय, ताईंना चहाची चव लागते का?"

वहिनींनी मान हलवून नाही म्हटलं. मग दूधवाल्याने कुणाला तरी हाक मारली आणि त्याची बायको पडद्यावर आली. तिचंही दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं म्हणे. सात महिने काही नाही. मग एक दिवस पहिला वास आला तो भिजलेल्या कुत्र्याचा, आणि ती आनंदाने त्या कुत्र्याच्या गळ्यात पडली. हे सांगताना ती इतकी हसत होती की जावेला भाषांतर करायची गरजच पडली नाही. जाता जाता तिने वहिनींना काहीतरी बजावलं.

"म्हणतेय, घाई करू नका, रोज सकाळी लिंबू हुंगत जा."

"लिंबू तर लिंबू," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. बाहेर आल्यावर त्यांनी एक लांब श्वास घेतला. त्यात काहीही नव्हतं, नुसती हवा. पण तीसुद्धा तीन दिवसांनी पहिल्यांदा पोटापर्यंत गेली.

नऊ दिवसांनी सहाही कंटेनर एकदमच गेले. आता प्रत्येक गठ्ठ्याला सळई लागत होती, काटा लागत होता, सुताराची पिळणी लागत होती. वेळ जास्त जायचा, पण कुणी कुरकुरलं नाही. उलट प्रत्येकाला आपलीच परीक्षा सगळ्यात खरी वाटायची, आणि त्यावरून रोज भांडणं व्हायची. ती सोडवायला सगळे वहिनींकडेच यायचे. सळई म्हणते जाऊ दे, काटा म्हणतो राहू दे, मग वहिनी, तुम्ही काय म्हणता? वहिनी गठ्ठ्यात हात घालायच्या, बोटं चाळवायच्या आणि सांगायच्या. त्यावर पूर्वीसारखंच अपील नव्हतं.

माल पोचल्याचा निरोप आला त्या दिवशी दुसऱ्या कापणीचं काम ऐन भरात होतं. कप्तान मोबाइल उंच धरून बांधावरून ओरडत आला. यंत्राच्या धडधडीत कुणाला काही कळेना, म्हणून नवऱ्याने यंत्र बंद केलं. सहाही कंटेनर उघडले, एकही गठ्ठा बाद नाही, वर्षाचा करार पक्का. लोकांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, आजोबांनी टोपी हवेत उडवली, आणि ती नेमकी यंत्रात जाणार तेवढ्यात सुताराने झेलली.

वहिनी मात्र शेतालगतच्या शेडच्या सावलीत गेल्या, नुकत्याच बांधलेल्या दोन गठ्ठ्यांवर आडव्या झाल्या आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. लग्नानंतर भरदुपारी, सगळ्यांदेखत, त्या अशा कधी झोपल्या नव्हत्या. पाच मिनिटांत घोरू लागल्या. जाऊ उठवायला गेली, तर नवऱ्याने तिला लांबूनच हाताने थांबवलं. मग यंत्र पुन्हा सुरू न करता त्याने ते चौघांना ढकलायला लावलं, पार शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिथून पुढचं काम धरलं.